खासगी, महाग आणि श्रेष्ठ : उच्च शिक्षणातील निवडीचा एक मराठी इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

महागडे खासगी विद्यापीठ निवडावे की नाही, हा प्रश्न आज भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबांत नित्य विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तीन विशेषणे एकत्र आलेली असतात : खासगी, महाग आणि श्रेष्ठ. संस्था खासगी आहे म्हणून ती महाग आहे आणि महाग आहे म्हणून ती श्रेष्ठ असली पाहिजे, अशी अनुमानाची एक साखळी त्यामागे असते. ही साखळी किती जुनी आहे, आणि तिचे दुवे इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विवेचनाचे मुख्य क्षेत्र एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील मराठी शैक्षणिक जीवन हे आहे. तथापि बडोदे, कलकत्ता, न्यूयॉर्क आणि दिल्ली ही ठिकाणे त्यात वारंवार येतील, कारण मराठी माणसाचे उच्च शिक्षण केवळ महाराष्ट्राच्या सीमेत कधीच घडलेले नाही.

आरंभ शब्दापासून करणे उपयुक्त ठरेल. ‘खासगी’ हा फारसीतून मराठीत आलेला, दरबारी व्यवहारातला शब्द. मराठेशाहीच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन भाग असत. दौलत म्हणजे राज्याचा खजिना, खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत. होळकरांच्या राज्यात ही विभागणी विशेष स्पष्ट होती. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या कारकीर्दीत (१७६७ ते १७९५) काशीपासून सोमनाथपर्यंत जी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा भार त्यांच्या खासगीवर होता. येथे पैसा खासगी आहे, उपयोग मात्र सार्वजनिक आहे. ‘खासगी शिक्षणसंस्था’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला तेव्हा त्याच्याशी हाच अर्थ जोडलेला होता : सरकारी तिजोरीबाहेरच्या पैशाने चालणारी, पण सर्वांसाठी उघडी असलेली संस्था. पुढील शंभर वर्षांत या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. तो कसा झाला हे पाहिल्याशिवाय आजच्या निवडीच्या प्रश्नाला नीट उत्तर देता येणार नाही.

२. शिक्षण स्वस्त करण्यासाठी खासगी

१८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानपद्धतीचा पाया घातला. अनुदान घेणाऱ्या शाळेने विद्यार्थ्याकडून थोडे तरी शुल्क घ्यावे, अशी अपेक्षा त्यात नमूद होती. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, ही त्यामागची व्हिक्टोरियन धारणा. त्यानंतर १८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला. माध्यमिक आणि उच्च शिक्षणातून सरकारने क्रमाक्रमाने अंग काढून घ्यावे व ते क्षेत्र खासगी प्रयत्नांकडे सोपवावे, असा या आयोगाचा कल होता. त्याच वेळी शेजारच्या सरकारी शाळेइतकेच शुल्क खासगी अनुदानित शाळेने घेतले पाहिजे असे बंधन नसावे, अशीही शिफारस त्याने केली. ही तरतूद आज वाचताना थोडे थबकायला होते. सरकारी संस्था महाग आणि खासगी संस्था स्वस्त, हे त्या काळी इतके स्वाभाविक मानले जात होते की धोरणकर्त्यांना त्यासाठी नियम शिथिल करावासा वाटला.

पुण्यातील घडामोडी याच चौकटीत पाहिल्या पाहिजेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्गसन महाविद्यालय सुरू झाले. सोसायटीच्या उद्दिष्टांत शिक्षण सुलभ करणे आणि स्वस्त करणे हा हेतू स्पष्ट शब्दांत आला आहे. तो साधण्याचा मार्ग शिक्षकांच्या वेतनातून जात होता. आजीव सदस्याने वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करावी आणि दरमहा ७५ रुपयांवर काम करावे, अशी व्यवस्था होती. सरकारी महाविद्यालयांतील युरोपीय प्राध्यापकांचे वेतन याच्या कित्येक पट असे. विद्यार्थ्याचे शुल्क कमी राहिले ते कोणी तरी आपले उत्पन्न सोडले म्हणून.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकून १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले. त्या काळच्या जगात याहून श्रेष्ठ शैक्षणिक मुद्रा शोधणे कठीण होते. सरकारी सेवेचे दरवाजे उघडे असताना ते फर्गसनमध्ये ७५ रुपयांवर परतले आणि १९०२ पासून दोन दशकांहून अधिक काळ प्राचार्य राहिले. केंब्रिजची निवड त्यांना फायद्याची ठरली का, हा प्रश्न वेतनाच्या हिशोबाने विचारला तर उत्तर ‘नाही’ असे येईल. पुण्यातील गणिताच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने विचारला तर उत्तर वेगळे येईल.

या त्यागाचे गुणगान मराठीत पुष्कळ झाले आहे. त्याच्या मर्यादा मात्र तितक्या स्पष्टपणे सांगितल्या गेलेल्या नाहीत. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर उत्पन्न मिळवावे की नाही, या मुद्द्यावरून तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्यागावर उभी असलेली संस्था त्याग मोजू लागली की भांडण अटळ असते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे, आणि ती महात्मा जोतीराव फुले यांनी फर्गसनच्या स्थापनेपूर्वीच दाखवली होती. हंटर आयोगापुढील १८८२ च्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. शेतकऱ्याच्या साऱ्यातून गोळा होणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही पहिली. शिक्षणाची जबाबदारी इतक्या लवकर खासगी प्रयत्नांवर सोपवता येणार नाही, ती दीर्घकाळ सरकारकडेच राहिली पाहिजे, ही दुसरी.

वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. सरकारी उच्च शिक्षणावर टीका करणारा माणूस सरकारनेच शिक्षण चालवावे असे का म्हणतो? फुल्यांचा आक्षेप सरकारी पैशाच्या वाटपावर होता, सरकारच्या कर्तव्यावर नव्हता. खासगी संस्था स्वस्त असली तरी ती कोणाची आहे, तिचे दार कोणाला आपले वाटते, हा प्रश्न शुल्काच्या आकड्याने सुटत नाही, हे त्यांना दिसत होते. पुण्यातील स्वस्त खासगी महाविद्यालयात प्रथम शिकले ते प्रायः लेखनव्यवसायी जातींतील तरुणच. स्वस्त असणे आणि खुले असणे यांत अंतर आहे. या अंतराचे भान फुल्यांनी मराठी शैक्षणिक विचाराला दिले.

३. दोन प्रादेशिक परंपरांची तुलना

बंगालशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. कलकत्त्याचे हिंदू कॉलेज १८१७ मध्ये भद्रलोकांच्या वर्गणीतून उभे राहिले, आणि १८५५ मध्ये सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेजात त्याचे रूपांतर झाले. म्हणजे भारतातील सर्वांत प्रतिष्ठित सरकारी महाविद्यालयांपैकी एक मुळात खासगी होते. उलट दिशेचा प्रवास वंगभंगाच्या चळवळीत दिसतो. १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. बडोद्याच्या महाविद्यालयातील स्थिर नोकरी सोडून अरविंद घोष बंगाल नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. सरकारमान्यता नाकारणारी ही संस्था होती. तिच्या पदवीला सरकारी नोकरीच्या बाजारात मोल नव्हते. परंतु याच परिषदेच्या वारशातून १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ उभे राहिले आणि १९५६ मध्ये बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने तेथे भारतातील पहिला तुलनात्मक साहित्य विभाग सुरू झाला. आपल्या ज्ञानशाखेचे भारतीय घर अशा रीतीने एका ‘निरुपयोगी’ पदव्या देणाऱ्या खासगी प्रयत्नाच्या पायावर बांधलेले आहे.

महाराष्ट्रात याला समांतर उदाहरण धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे आहे. कर्वे स्वतः फर्गसनमध्ये गणित शिकवत होते. १९१६ मध्ये त्यांनी मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे स्त्रियांचे विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. तरीही त्याला वैधानिक दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या मुलींनी या विद्यापीठाची निवड केली, त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या पदवीची प्रतिष्ठा सोडून दिली होती. बाजाराच्या दृष्टीने ही निवड चुकीची होती. मात्र अनेकींपुढे हे विद्यापीठ किंवा काहीच नाही, असाच पर्याय होता. ‘कोणते विद्यापीठ निवडावे’ या प्रश्नात गृहीत धरलेली निवडीची मुभाच मुळात असमान वाटली गेलेली असते, हे या उदाहरणावरून ध्यानी येते.

दोन्ही प्रांतांत खासगी संस्थांनी जोखीम स्वतःकडे घेतली. बंगालमध्ये तिचे स्वरूप राजकीय होते, महाराष्ट्रात प्रामुख्याने सामाजिक. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था या सामाजिक प्रवाहाचे सर्वांत व्यापक रूप होय. साताऱ्यात १९२४ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत शुल्काची जागा श्रमाने घेतली. येथे किंमत रद्द झालेली नाही, तिचे चलन बदलले आहे. ज्या मुलाजवळ पैसे नाहीत पण हात आहेत, त्यालाही भागवता येईल असे हे चलन होते.

४. महाग विद्यापीठ आणि इतरांचा पैसा

आतापर्यंत आपण स्वस्त खासगी संस्थांचा विचार केला. याच काळात काही मराठी विद्यार्थी खरोखर महाग आणि खरोखर खासगी अशा विद्यापीठांत शिकत होते. ती विद्यापीठे समुद्रापलीकडे होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या. स्त्रियांना इतरत्र प्रवेश नव्हता म्हणून काढलेली ती एक खासगी संस्था होती. पोस्टात नोकरी करणाऱ्या पतीच्या वेतनात हे शिक्षण बसणारे नव्हते. दागिने, वर्गणी आणि परक्या देशातील एका कुटुंबाचा आश्रय यांवर ते पार पडले. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई निवर्तल्या, म्हणजे त्या शिक्षणाचा व्यावसायिक परतावा जवळजवळ शून्य होता. तरीही त्यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले आणि पुढील पिढ्यांच्या मुलींनी ते वाचले. परतावा मोजण्याचे माप कोणते, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे उदाहरण या संदर्भात निर्णायक आहे. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कोलंबिया तेव्हाही खासगी होते आणि आजही आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अध्यापक त्यांना तेथे लाभले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले, १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले.

यानंतरची घटना सर्वपरिचित आहे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ पुन्हा पाहिला पाहिजे. कराराप्रमाणे ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाची मुद्रा भारतीय जातिव्यवस्थेच्या उंबरठ्यावर निष्प्रभ ठरली. श्रेष्ठ विद्यापीठाची पदवी सामाजिक अंतर मिटवते, या विश्वासाला इतके कठोर उत्तर क्वचितच मिळाले असेल. मात्र गोष्ट तेथे संपत नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ पासून अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. बडोद्यात ज्या शिक्षणाने घर मिळाले नाही, त्याच शिक्षणाने सायमन कमिशन, गोलमेज परिषद आणि संविधानसभा येथे बोलण्याचा अधिकार नाकारता येणार नाही इतका पक्का केला. पदवीने मान दिला नाही, तर तिने शस्त्र दिले, असे फार तर म्हणता येईल.

धर्मानंद कोसंबी यांची वाट आणखी वेगळी आहे. गोव्यातील सांखवाळ या गावी जन्मलेल्या या अभ्यासकाजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. कलकत्ता विद्यापीठातील अध्यापन सोडून ते महाराष्ट्रात आले, कारण सयाजीरावांनी दरमहा ५० रुपयांची सोय करून त्यांना येथे राहून काम करण्याची मोकळीक दिली. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले ते पाली ग्रंथ ‘विसुद्धिमग्ग’ याच्या संपादनासाठी. त्यांची संशोधित आवृत्ती हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाली. मधल्या काळात त्यांनी फर्गसनमध्ये पाली शिकवली. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी हार्वर्डचेच पदवीधर, १९२९ चे. तेही पुढे बनारस आणि अलीगढ येथे शिकवून फर्गसनमध्ये आले. हार्वर्ड ते फर्गसन हा रस्ता त्या काळी अधोगतीचा मानला जात नव्हता, ही नोंद महत्त्वाची आहे.

आनंदीबाई, आंबेडकर आणि कोसंबी या तिघांत एक समान सूत्र आढळते. महाग विद्यापीठाची किंमत यांच्यापैकी कोणीही आपल्या घरातून भरली नाही. ती संस्थानिकाने, वर्गणीदारांनी किंवा त्या विद्यापीठाने भरली. आणि ज्याने भरली त्याच्याशी, किंवा निदान आपल्या समाजाशी, काही बांधिलकी त्या शिक्षणाला जोडलेली होती.

५. साहित्याची साक्ष

आंबेडकरांनी कोलंबियाचा अनुभव स्वतःच्या संस्थांत कसा उतरवला, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाला विशेष अगत्याचे वाटावे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग होते. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सोसायटीचे दुसरे महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती. या महाविद्यालयाच्या परिसरात डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक काम करीत होते. वानखेडे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आले होते आणि कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांच्या साहित्याशी दलित लेखनाचा संबंध जोडणाऱ्या पहिल्या मराठी समीक्षकांत त्यांची गणना होते. पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक १९६० च्या दशकाच्या अखेरीस येथूनच सुरू झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठीतील सर्वाधिक भाषांतरित आणि सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रवाह, दलित साहित्य, याचे एक प्रमुख केंद्र कमी शुल्काच्या एका खासगी महाविद्यालयात होते. तुलनात्मक दृष्टीची ही भारतीय कामगिरी कोणा श्रीमंत विद्यापीठाच्या नियोजनातून आलेली नाही. परंतु न्यूयॉर्कच्या महाग विद्यापीठाशिवाय ते महाविद्यालय त्या रूपात उभे राहिले असते का, हेही विचारले पाहिजे. श्रेष्ठ विद्यापीठाचे खरे फळ कधी कधी दुसऱ्या पिढीत, दुसऱ्या गावात, दुसऱ्याच संस्थेत मिळते. वैयक्तिक परताव्याच्या हिशोबात ते कुठेच येत नाही.

याच काळातील दुसरी साक्ष भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीची आहे. खानदेशातून पुण्याच्या नामवंत महाविद्यालयात आलेला पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशावर शिकतो, वसतिगृहाच्या जीवनात हरवतो आणि पदवीविना गावी परततो. शिक्षणाच्या गुंतवणुकीचा हिशोब या कादंबरीत सतत पार्श्वभूमीला आहे. गावच्या वडिलांनी पैसा ओतला, शहरातील संस्थेने तो घेतला, आणि मुलाच्या हाती जे आले त्याला बाजारात नाव नाही. ‘कोसला’ने दाखवलेले रिकामेपण शुल्काशी थेट संबंधित नाही. प्रतिष्ठित संस्थेत प्रवेश मिळणे आणि त्या संस्थेत आपली जागा सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ती कादंबरी जितक्या तीव्रतेने सांगते तितके कोणतेही शैक्षणिक सर्वेक्षण सांगू शकत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) वसतिगृहाशी हे वसतिगृह ताडून पाहावे. एकाला वसतिगृह म्हणजे पोकळी वाटते, दुसऱ्याला तेच वसतिगृह गावकुसाबाहेरून निघण्याची वाट असते. संस्था कोणासाठी काय ठरते, हे येणारा कोठून येतो यावर अवलंबून असते.

६. अर्थाचा उलटा प्रवास

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकात मणिपाल येथे हा प्रयोग १९५३ पासून चालू होता आणि महाराष्ट्रातील विद्यार्थी तिकडे पैसे घेऊन जात होते. निर्णयामागे हे व्यावहारिक कारण होते, आणि जागांची संख्या त्यामुळे झपाट्याने वाढली हेही मान्य केले पाहिजे. लहान शहरांतील अनेक कुटुंबांत पहिला अभियंता याच महाविद्यालयांतून आला. पण येथेच ‘खासगी’ शब्दाचा अर्थ फिरला. फर्गसनच्या काळी खासगी संस्था म्हणजे शिक्षकाने आणि देणगीदाराने झीज सोसलेली संस्था. १९८३ नंतर संस्थेचा खर्च विद्यार्थ्याने सोसावा हे तत्त्व झाले. ‘देणगी’ या शब्दाचीही तीच गत झाली. ठाकरसींनी दिली ती देणगी होती. प्रवेशाच्या वेळी पालकाकडून घेतली जाऊ लागली तिलाही देणगीच म्हटले गेले. ‘शिक्षणमहर्षी’ या गौरवपर शब्दाशेजारी ‘शिक्षणसम्राट’ हा उपरोधिक शब्द याच काळात रुळला. भाषेने हा बदल कायद्याच्या आधी टिपला.

कायदा मागून आला. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा १९८७ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयात १९९२ मध्ये मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला गाजला. त्यातील अधिसूचनेनुसार खासगी वैद्यकीय महाविद्यालयातील सरकारी जागेचे वार्षिक शुल्क २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांसाठी कमाल २५,००० रुपये आणि परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० रुपये होते. एकाच वर्गात, एकाच बाकावर तीन किमती. न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने शुल्काची नियंत्रित योजना घालून दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजना मोडीत काढली, शिक्षणसंस्था चालवणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि नफेखोरी वर्ज्य पण वाजवी शिल्लक ग्राह्य, असा भेद केला. २००५ च्या इनामदार निकालाने विनाअनुदानित संस्थांवर सरकारी आरक्षण लादता येणार नाही असे म्हटले. त्याच वर्षीच्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही आरक्षणाची तरतूद करण्याचा अधिकार राज्याला दिला.

विद्यापीठांच्या पातळीवर छत्तीसगढचा प्रसंग उल्लेखनीय आहे. २००२ च्या कायद्याखाली तेथे अल्पावधीत खासगी विद्यापीठांचे पेव फुटले. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये अशी ११२ विद्यापीठे रद्द केली. अनेकांजवळ इमारत नव्हती, काहींजवळ केवळ पत्ता होता. त्यानंतरच्या दशकात मात्र वेगळ्या प्रकारची खासगी विद्यापीठे आली : बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ (२०१०), दिल्लीजवळचे शिव नाडर विद्यापीठ (२०११), सोनीपतचे अशोका विद्यापीठ (२०१४). उद्योगपतींच्या देणग्यांवर उभी राहिलेली आणि मानव्यविद्यांना मोठे स्थान देणारी ही विद्यापीठे छत्तीसगढच्या ‘पत्त्यां’पासून फार दूर आहेत. दोहोंना एकच शब्द लावणे ही भाषेची गैरसोय आहे, आणि निवड करणाऱ्याने तिच्यापासून सावध राहिले पाहिजे.

७. निवडीचे निकष

या इतिहासातून आजच्या प्रश्नासाठी काय निष्पन्न होते? प्रथम अनुमानाची साखळी पाहू. खासगी म्हणजे महाग, हे १८८२ मध्ये खरे नव्हते. महाग म्हणजे श्रेष्ठ, हे छत्तीसगढने खोटे ठरवले आणि मिलिंदने दुसऱ्या बाजूने खोटे ठरवले. तिन्ही विशेषणे स्वतंत्र आहेत. संस्था पारखताना ती स्वतंत्रपणेच तपासली पाहिजेत.

अमेरिकेतील एका संशोधनाचा उल्लेख येथे उचित ठरेल. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच प्रकारच्या संस्थांत अर्ज केलेल्या आणि प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. अधिक निवडक संस्थेत गेलेल्यांच्या आणि न गेलेल्यांच्या नंतरच्या उत्पन्नात सरासरीने विशेष फरक आढळला नाही. अपवाद होता तो कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांचा. त्यांना अशा संस्थेचा खरा लाभ झाला. नंतरच्या संशोधनात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांबाबत असाच निष्कर्ष निघाला. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासाने थोडी भर घातली : सरासरी उत्पन्न फारसे वाढले नाही तरी समाजाच्या अगदी वरच्या स्तरात पोचण्याची शक्यता अशा संस्थांमुळे वाढते. हे निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु आंबेडकरांच्या उदाहरणाशी त्यांची संगती लक्षणीय आहे. ज्याच्या घरी ओळखी, पुस्तके आणि इंग्रजी आधीपासून आहेत, त्याला श्रेष्ठ संस्था थोडेच अधिक देते. ज्याच्या घरी त्यांतले काही नाही, त्याला ती सर्वाधिक देते.

म्हणजे महागडे श्रेष्ठ विद्यापीठ ज्याला परवडते त्याला त्याची गरज कमी, आणि ज्याला गरज आहे त्याला ते परवडत नाही. हा विरोध सोडवण्याचे काम पूर्वी बडोद्याच्या शिष्यवृत्तीने किंवा फर्गसनच्या ७५ रुपयांनी केले. आज त्याची जागा बहुतांशी शैक्षणिक कर्जाने घेतली आहे. कर्ज आणि शिष्यवृत्ती यांतील भेद आर्थिक तर आहेच, पण नैतिकही आहे. सयाजीरावांनी दहा वर्षांची सेवा मागितली. बँक हप्ता मागते. हप्त्याच्या ओझ्याखाली असलेला पदवीधर ७५ रुपयांवर फर्गसनला परतू शकत नाही. तो अनुवाद, कोशरचना किंवा लोकसाहित्याचे संकलन यांकडेही सहसा वळू शकत नाही. राज्याची भूमिकाही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षणशुल्क माफ केले, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांना त्यातून वगळले. कोषागाराच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा की त्या विद्यापीठांचे दार गरजू मुलीसाठी केवळ त्यांच्या स्वतःच्या औदार्यावर अवलंबून राहते.

शेवटचा निकष आपल्या क्षेत्राचा आहे. शुल्कावर चालणाऱ्या संस्थेत शुल्क देणारा विद्यार्थी ज्या विषयाला मिळत नाही तो विषय टिकणे कठीण असते. बनारस हिंदू विद्यापीठ, उस्मानिया, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ येथे मराठीचे अध्यापन आले ते विद्यार्थीसंख्येचा हिशोब करून नव्हे. भाषा हा विद्यापीठाच्या संकल्पनेचाच भाग आहे, या समजुतीने ते आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर देशभर मराठी अध्यासनांची चर्चा सुरू झाली. ही अध्यासने सार्वजनिक विद्यापीठांतच होणार की खासगी विद्यापीठेही त्यांचा भार उचलतील, हे पाहण्यासारखे ठरेल. ज्या विद्यापीठात मोठे शुल्क घेऊन जागतिक साहित्य शिकवले जाते, पण ज्या प्रदेशात ते उभे आहे तेथील भाषेला एकही अध्यापक नाही, तेथील ‘तुलना’ एकाच बाजूची राहते.

तेव्हा निवड करणाऱ्या विद्यार्थ्याने आणि पालकाने शुल्काच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. येथे माझ्यासारख्याची किंमत कोण भरतो? शिक्षण संपल्यावर माझ्यावर कोणते ओझे राहील, कर्जाचे की कर्तव्याचे? आणि ज्या विषयाला बाजार नाही त्याला येथे जागा आहे का? या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारे खासगी विद्यापीठ महाग असले तरी निवडण्याजोगे आहे, आणि न देणारे सार्वजनिक विद्यापीठ स्वस्त असले तरी अपुरे आहे. अहिल्याबाईंच्या काळी ‘खासगी’ म्हणजे आपल्या पदरचे दुसऱ्यासाठी खर्च करणे. हा जुना अर्थ ज्या संस्थेच्या जमाखर्चात आजही दिसतो, तिलाच मराठी परंपरेच्या अर्थाने खासगी म्हणता येईल.